पेचकसाची मूठ

सिंदेवाहीचे आमचे मिस्त्री पाना हातात घेण्याआधी पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानाला लावून ऐकत राहतात. माझी जुनी विलायती टू-सीटर गाडी त्यांनी बारा वर्षांत अशीच ऐकत ऐकत उभी केली. ती विकतोय हे सांगायला मला महिना लागला. ते फक्त "बरं भाऊ" म्हणाले.

पुण्याचं गिऱ्हाईक आलं त्या सकाळी मला धास्ती होती, कारण मिस्त्रींना खोटं बोलता येत नाही. त्यांनी बॉनेट उघडलं.

"हा पंप ओरिजिनल नाई. पायाखालच्या फळ्या आलापल्लीच्या सागाच्या, मीच बसवल्या. थंडीत पहिल्या चावीत चालू होत नाई."

मी डोळ्यांनी खुणावत होतो. ते बघतच नव्हते.

मग त्यांनी इंजिन चालू केलं, पेचकस टेकवला आणि मूठ गिऱ्हाइकाच्या कानाशी धरली. "हा आवाज ध्यानात ठेवा साहेब. बदलला तं मले फोन लावा."

गिऱ्हाइकानं डोळे मिटून ऐकलं. सौदा ठरला.

इंजिन बंद करण्याआधी मिस्त्रींनी मूठ माझ्याकडे वळवली.

"घ्या भाऊ. बारा वर्षांत तुम्ही कधी आयकलंच नाई."