चादरीखाली कोण होते

टीव्हीवरच्या मालिकेचा इतका धसका घेणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत आमच्या मेहुण्यांखेरीज दुसरा झाला नाही. त्यांच्याविषयी नात्यात जे सांगितले जाते त्यातले निम्मे धादांत खोटे आहे, आणि उरलेले निम्मे खरे असले तरी सांगणाऱ्यांना ते कळलेले नाही. मी त्यांच्या पत्नीचा थोरला भाऊ. मेहुण्याची तरफदारी करण्याचा धर्म मला कोणी लावून दिलेला नाही. म्हणूनच माझे ऐकावे.

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात बॉयलरचा दाब तपासण्यात त्यांची हयात गेली, आणि मालिकाही ते त्याच नजरेने पाहत. कोणाचा चेहरा तीन वेळा दाखवून वर ढग गडगडले की ते तुच्छतेने म्हणत, "ही नुसती वाफ. काटा कुठे चढलाय?" उलट एखाद्या बाईने काही न बोलता दोन कप विसळून एकच फळीवर ठेवला, की यांना दरदरून घाम फुटे. "दादा, याला म्हणतात टेलिव्हिजन," असे म्हणत ते चपला न घालताच घराबाहेर पडत.

बाहेर कशासाठी, यावरच सारा वाद आहे. डोंबिवलीच्या त्यांच्या इमारतीत शेजाऱ्यांच्या केबलच्या टीव्हीवर तेच चित्र यांच्या डिशपेक्षा काही क्षण आधी उमटते. मेहुणे शेजाऱ्यांच्या दाराला कान लावून आतला उसासा किंवा किंकाळी टिपत आणि धावत परत येऊन माझ्या बहिणीला सांगत, "वाचला गं, वाचला! आता बघ निवांत."

"अहो, मग बघायचं काय उरलं?" ती कपाळावर हात मारी.

"मामा, बाबा जाम फट्टू आहेत," असे माझा भाचा आजही सांगतो. साफ चूक. बहिणीचे हृदय अधू होते. प्रत्येक धक्का तिच्यापर्यंत पोचण्याआधी स्वतःच्या छातीवर घेणाऱ्या माणसाला भित्रा म्हणणाऱ्यांनी स्वतः कोणासाठी काय झेलले, ते आधी सांगावे.

तिच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मी तिथेच होतो. मालिकेतली बाई बेपत्ता नवऱ्याची ओळख पटवायला इस्पितळाच्या तळघरात उतरत होती. संगीत नाही, संवाद नाही. फक्त पंख्याची घरघर. मेहुणे उठले, आणि लगेच परतले. शेजारी विठ्ठलवाडीला हळदीला गेले होते, दाराला कुलूप.

"बसा इथे," बहीण म्हणाली. "काय व्हायचं ते दोघं मिळून बघू."

ते बसले. बाईने पांढऱ्या चादरीच्या टोकाला हात घातला, आणि भाग संपला.

"आता उद्या!" मेहुणे किंचाळले. उद्या बहीण कुठे असणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

"उद्याचा तुम्ही बघा," ती शांतपणे म्हणाली, "आणि मी शुद्धीवर आले की मला सांगा."

दुसऱ्या दिवशी नौपाड्यातल्या इस्पितळात शस्त्रक्रिया लांबली. मालिकेची वेळ झाली, तेव्हाही ती आतच होती. मेहुण्यांनी मोबाइल काढला. त्यांची बहीण सगळ्या गोतावळ्यात सांगत फिरते, "वहिनी आत टेबलावर, आणि हा मालिका बघतोय!" ही बाई त्या वेळी खालच्या कँटीनमध्ये वडा खात होती. मेहुण्यांच्या शेजारी मी होतो. मोबाइल दोनदा त्यांच्या हातून निसटला, तेव्हा मी त्यांच्या मनगटाखाली हात धरला. शेवटपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

सकाळी आम्हांला क्षणभर आत सोडले. बहिणीने डोळे उघडले, कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि विचारले, "कोण होतं चादरीखाली?"

"घरी आल्यावर बघ. मोबाइलवर आहे तो भाग."

"सांगा ना हो."

"नाही सांगत."

जन्मभर शेवट आधी फोडणारा हा माणूस! बाहेर येताच मी त्यांना फैलावर घेतले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "दादा, सांगून टाकलं तर तिला घरी यायची घाई कशाला राहील?"

बहीण घरी आली, दोघांनी तो भाग शेजारी शेजारी बसून पाहिला, असे ऐकतो. चादरीखाली कोण होते, हे मात्र मला अजून ठाऊक नाही. मोबाइल माझ्याही डोळ्यांसमोर होता. पण मी सारा वेळ त्यांच्याच तोंडाकडे पाहत होतो.