चूक दाखवा, मास्तर

"पस्तीस!" मी खणखणीत सांगितलं आणि आख्खा वर्ग फिदीफिदी हसला.

नाशकातली आमची शाळा. ती तपासायला दिपोटी साहेब आले होते. महारवाड्यातली मी एकटीच पोर, तिसरीत. दाराबाहेर ओट्यावर बसायची. दिपोटींनी मलाही गणित घातलं. बावन्नातून सत्तावीस गेले, किती? उत्तर पंचवीस. मी पाटी उंच धरून पस्तीस दाखवले.

मास्तर हात जोडून म्हणाले, "काय करणार साहेब, कितीही शिकवा, ह्यांच्या डोक्यात शिरतच नाही."

खोटं. साफ खोटं. दोन वर्षं मी वजाबाकी अशीच करत होते. वर-खाली बघायचंच नाही, मोठ्या आकड्यातून लहान काढायचा. सातातून दोन गेले, पाच; पाचातून दोन गेले, तीन. बाकीच्यांच्या पाट्या मास्तर हातात घ्यायचे. फुली मारायचे, कान पिळायचे, पुसून परत मांडून द्यायचे. माझी पाटी विटाळाची. ती ते आतूनच, लांबून बघायचे आणि म्हणायचे, "ठीक. पूस." मला कधी फुली नाही, कधी छडी नाही. मला वाटायचं, मी लय हुशार. सांगायला आजही लाज वाटते, पण खरंच वाटायचं.

बरं, तेवढ्यावर तरी थांबावं! संध्याकाळी वस्तीतली सहा पोरं गोळा करून मी मास्तरीण व्हायचे. त्यांनाही हेच शिकवलं. कुणी बरोबर उत्तर काढलं तर त्यालाच मठ्ठ म्हणायचे.

त्या दिवशी घरी गेले. बा नाशिक रोडला रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. त्यानं विचारलं, "सायेब काय म्हनला गं?"

"शाबास म्हनला."

बा एवढा खूश झाला की शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं. मी चुलीपाशी तोंड लपवून बसले. मेले असते तर बरं, असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तीच वजाबाकी मी मुद्दाम तशीच मांडली. मास्तरांनी लांबून बघितलं. "ठीक. पूस."

काल ह्याच पस्तीसवर सगळे हसले होते की! माझं डोकंच फिरलं. मी उंबरा ओलांडला आणि पाटी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"चूक कुठंय ते दाखवा, मास्तर."

मास्तर खुर्ची पाडून मागं सरले. "शिवलीस! उचल आधी ती!"

"दाखवा. मग उचलते."

मी जागची हलले नाही. शेवटी त्यांनी छडीचं टोक पाटीवर टेकवलं. "दोनातून सात जातात का? शेजारच्या पाचातला एक घे, दोनाचे बारा कर. आता चालती हो!"

एवढंच. एवढ्यासाठी दोन वर्षं. पाटी उचलून मी बाहेर पडले तेव्हा मास्तर टेबलावर पाणी शिंपडत होते.

संध्याकाळी पोरं जमली. बासुद्धा तिथंच बसला होता. त्याच्यादेखत मी म्हणाले, "मी चुकीचं शिकवलं. सायबानं शाबास म्हटलं नाय, सगळे हसले मला. पुसा पाट्या." मान वर होईना. तशीच एकेकाजवळ बसून दोनाचे बारा कसे करायचे ते शिकवलं.

पोरं गेल्यावर बा म्हणाला, "उद्या शाळंत घेतील का तुला?"

घेवोत नाहीतर हाकलोत, मी जाणार होते. नवं गणित येईल, त्यात मी चुकेन. आणि चुकले की पाटी त्याच टेबलावर नेऊन ठेवीन.