चूल पेटवली हे खरे आहे

परभणी जिल्ह्यातल्या एका कोर्टात मी बरीच वर्षं स्टेनो आहे. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश साहेब त्यातलं कामाचं तेवढं सांगतात आणि मी टाईप करते. वकिलाचा प्रश्न सहसा कागदावर येत नाही, नुसतं उत्तर येतं, तेही साक्षीदाराला आपणहून सुचल्यासारखं. बाहेर कुणाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी जिंतूरकडच्या एका खेड्यातल्या बाईची साक्ष झाली. नवरा ऊसतोडीला गेलेला, घरात ती अन् दोन लेकरं. गावातल्याच एका बड्या घरच्या माणसानं तिच्यावर बलात्कार केला होता. नवव्या दिवशी नवरा परत आला तेव्हा तिनं तोंड उघडलं आणि दोघं ठाण्यात गेले. अशा खटल्यात दार लावून साक्ष घेतात, त्यामुळे आत आम्ही मोजकीच माणसं होतो.

आरोपीच्या वकिलांचा बचाव ऐकण्यासारखा होता. आरोपी त्या दिवशी गावात नव्हताच, पूर्णेला पाहुण्यांकडे होता. गावात असलाच, तर जे झालं ते बाईच्या मर्जीनं झालं. आणि मर्जीनंही नसेल, तर मुळात काही झालंच नाही, बांधाच्या भांडणावरून हे कुभांड रचलंय. एकच माणूस पूर्णेलाही होता, तिच्या घरातही होता आणि कुठंच नव्हता, तरी त्याला कुणी विसंगती म्हणालं नाही. तिनं मात्र पोलिसांना दिवेलागणीची वेळ सांगितली अन् कोर्टात म्हणाली, म्हशींच्या धारा काढायच्या टायमाला. खेड्यात या दोन्ही वेळा एकच, पण झालं! वकीलसाहेबांना खजिना सापडल्यासारखा आनंद झाला.

मग त्यांनी ठेवणीतला प्रश्न काढला. "दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, ही आपली रीत तुम्हाला माहीत आहे ना? मग दुसऱ्या दिवशी तुम्ही चूल पेटवली की नाही?"

"पेटवली," ती म्हणाली. "मयतीच्या घरी शेजारी भाकरी आणून देत्यात, साहेब. माझ्या घरी कोण देणार व्हतं? कुणाला ठावं व्हतं? लेकरं उपाशी व्हती."

मला उठून टाळी वाजवावीशी वाटली. साहेबांचीही मान हलली. त्यांनी मला सांगितलं ते एवढंच: "दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवली हे खरे आहे." मी टाईप केलं.

साक्ष संपली की ती वाचून दाखवायची आणि सही घ्यायची. मी वाचली, पण भरभर, कारण जेवणाची सुट्टी झाली होती आणि मला कडकडून भूक लागली होती.

"मॅडम, शेजाऱ्यायचं राह्यलं की," ती म्हणाली.

"तेवढं लागत नसतं, बाई. करा सही."

साहेबांच्या कानावर घातलं असतं तर त्यांनी ओळ वाढवली असती, माणूस वाईट नव्हता. पण इतकी वर्षं कामाचं तेवढं टाईप करून बिनकामाचं काय, हे मलाच जास्त कळायला लागलं होतं. तिनं सही केली.

साहेबांनी तिला समोर बसून ऐकलं होतं, त्यामुळे शिक्षा झाली. आरोपी हायकोर्टात अपिलात गेला, आणि दोन-तीन वर्षांनी तिथला निकाल आला.

निकालाची सुरुवातीची पानं वाचून तर ऊर भरून आला. पीडितेची एकटीची साक्ष विश्वास ठेवण्याजोगी असेल तर तेवढी पुरते. उशिरा फिर्याद दिली म्हणून ती खोटी ठरत नाही. अंगावर जखम नाही म्हणजे संमती होती, असंही नाही. हळदीकुंकवाला बोलावल्यासारखा बाईचा मान राखलेला होता. आणि मग पुढच्या पानावर तिला दार दाखवलं. या प्रकरणात मात्र झालेला उशीर, बांधाचं भांडण आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी चूल पेटवणं, ज्याचा तिनं काहीही खुलासा केलेला नाही, हे सगळं एकत्र पाहता संशयाचा फायदा आरोपीला देणं भाग आहे.

काहीही खुलासा केलेला नाही! ती ओळ मी तीनदा वाचली. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

महिन्याभरानं ती निकालाची नक्कल घेऊन कोर्टात आली. वाचून कोण दाखवील म्हणून कुणीतरी तिला माझ्याकडेच पाठवलं होतं. मी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सगळं वाचून दाखवलं, या खेपेला सावकाश.

"खुलासा म्हंजे?" तिनं विचारलं.

"कारण. चूल का पेटवली, त्याचं."

"सांगितलं की म्या. तुमच्या म्होरंच सांगितलं. तिथं मला काहून बोलावलं न्हाई? परत सांगितलं असतं."

"अपिलात माणसं बोलावत नाहीत, बाई. कागद वाचतात."

तिनं नकलेची घडी घातली.

"कागद तर तुमीच टाईप केला व्हता, मॅडम."

"हो," मी म्हणाले.