भिंतीपलीकडची घरघर

आमचं घर आमच्याच थिएटरच्या वरच्या मजल्यावर. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खोलीची आणि प्रोजेक्टरच्या केबिनची भिंत एकच. दुपारचा खेळ सुरू झाला की ती भिंत घुमायला लागायची आणि सगळं घर पेंगायचं. लहानपणी मला वाटायचं, दुपार त्या केबिनमध्येच तयार होते. घरघर थांबली की मात्र आप्पा खडबडून जागे. थांबली म्हणजे फिल्म तुटली!

मी हिंजवडीत नोकरीला लागले तोवर मशिनं पार म्हातारी झाली होती. दुरुस्त करायची की डिजिटल आणायचं, यावर रोज जेवताना खडाजंगी.

"अहो आप्पा, सुटे भाग मिळत नाहीत आता!"

"माझेही मिळत नाहीत. मलाही बदलून टाक."

कपाळ माझं! शेवटी फिल्मच्या प्रिंटाच यायच्या बंद झाल्या, तेव्हा नवं मशीन आलं. अगदी मुकं. ऑपरेटरकाकांचा जन्म त्या केबिनमध्ये गेलेला. आता बटण दाबण्यापलीकडे त्यांना कामच उरलं नाही. गावी जातो म्हणाले. आप्पा "जा की" म्हणाले खरे, पण त्या दिवशी ते पानावरून तसेच उठले.

दुपारी आप्पा दचकून उठायला लागले. "फिल्म तुटली!" नुकतंच हृदयाचं दुखणं होऊन गेलेलं, डॉक्टरांनी दुपारी झोपायला बजावलेलं. माझा जीव टांगणीला लागला. काका अजून गावी निघाले नव्हते, त्यांनाच सांगितलं.

"एवढंच ना? जुनं मशीन रिकामं फिरवतो की. साहेब झोपतील."

आणि खरंच, भिंत पुन्हा घुमायला लागली. आप्पा उठून म्हणायचे, "मस्त डोळा लागला." काका खुशीत तेलाची बुधली घेऊन मशीन पुसत बसायचे. गावाचं नाव काढेनात.

एका दुपारी मी घरूनच काम करत होते. पडदा ओढायला आप्पांच्या खोलीत गेले, तर हे टक्क जागे, छताकडे बघत पडलेले.

"झोप नाही लागली?"

"रिकाम्या मशीनवर कसली झोप! फिल्म असली की आवाज जड येतो. कळतं मला तेवढं."

"मग रोज झोप लागली म्हणून का सांगता?"

"हळू बोल," आप्पा म्हणाले. "त्याला ऐकू जाईल. भिंत एकच आहे."

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.