डांगाणात डोकी उतरवायला

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर गुरुजी मला पोचवायला आले आणि गाडी सुटता सुटता खिडकीखालून ओरडले, "दहा-बारा डोकी तरी उतरवून आणाच! म्हातारी असली तर उत्तम!" शेजारच्या प्रवाशाने दचकून माझ्याकडे पाहिलं आणि आपलं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं. मला तेव्हा हसू आलं होतं. आता नाही येत.

चित्रकारांच्या बोलण्यात डोकं उतरवणं म्हणजे समोरच्या माणसाचा चेहरा कागदावर हुबेहूब घेणं. आमच्या गल्लीत दोन पेंटर भेटले की "आज किती डोकी उतरवलीस?" असंच विचारतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

गुरुजी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक. दक्षिण अमेरिकेतल्या मूळच्या डोंगरी लोकांनी स्पेनच्या राज्याविरुद्ध जी बंडं केली, त्यांचा सचित्र इतिहास ते मराठीत लिहीत होते आणि त्यातली चित्रं माझ्या गळ्यात पडली होती. चांदीच्या खाणीत पाळीपाळीने जुंपलेली माणसं, घोड्यावरचे स्पॅनिश शिपाई, आणि शेवटी पेरूमधला तो बंडाचा पुढारी, ज्याला बायकापोरांचे हाल बघायला लावून भर चौकात मारलं, ज्याचं मुंडकं एका गावी खांबावर टांगलं आणि हातपाय वेगवेगळ्या गावी पाठवले. हे शेवटचं चित्र काढताना मला स्वप्नं पडायला लागली होती. बायको म्हणाली, दुसरं काम बघा.

पण गुरुजींची तक्रार वेगळी होती. "तुमचे बंडखोर रंकाळ्यावर हवा खायला आलेले दिसतात. गाल बघा यांचे! अकोल्याच्या डोंगरात जाऊन या. नगर जिल्ह्यातलं अकोलं, विदर्भातलं नव्हे. तिथल्या महादेव कोळ्यांनीसुद्धा इंग्रजाविरुद्ध बंडं केली, फासावर गेले. ते चेहरे बघा आणि मग काढा." म्हणून मी निघालो. मी मुळात भित्रा माणूस आहे. साधं पन्हाळ्याच्या कड्यावरून खाली बघितलं तरी माझे पाय लटपटतात.

पुण्यापर्यंत गर्दी, पुढे संगमनेरपर्यंत धूळ. बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला होता आणि आता उन्हाळा लागला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुष्काळी कामावरची माणसं ओळीने खडी फोडत बसलेली. शेतं नुसती करपलेली नव्हती, ती मुळी शेतं वाटतच नव्हती. बघवेना, म्हणून मी वही काढली आणि गाडीतल्या लोकांची डोकी उतरवत बसलो. एक पागोटं, एक झोपलेली बाई, तोंडात विडी धरलेला एकजण, आणि कंडक्टर. घाईत मान संपली की मी पेन्सिल थांबवायचो. धड काढायला वेळ कुणाला आहे?

राजूरला उतरलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. इथून पुढचा डोंगराळ भाग म्हणजे डांगाण (सह्याद्रीच्या कुशीतला रानामाळाचा मुलूख). पश्चिमेला डोंगरांची काळी भिंत उभी होती, तिच्यावर हिरवं म्हणून काही नाही. चहाच्या हॉटेलात बिनदुधाचा गुळाचा चहा मिळाला.

"सायेब कुनीकडं?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"डोंगरात जायचंय. डोकी उतरवायला आलोय. इकडे चांगली मिळतील म्हणतात."

त्याचा कपबशी पुसणारा हात थांबला. हळू आवाजात त्याने विचारलं, "पुलावरलं का तुमी?"

मला वाटलं, तो रस्ता सांगतोय. "हो, पुलावरूनच जायचं ना?" मी म्हणालो.

त्याने माझ्यापुढची कपबशी उचलून नेली. रात्रीपुरतं बाकड्यावर पडू द्या म्हणालो, तर "जागा न्हाई" म्हणाला. बाकडी सगळी रिकामी होती. मी स्टँडच्या शेडमध्ये वळकटी पसरली. माणूस एवढा तुसडा का झाला याचा विचार करत पडलो, पण कारण सापडेना.

सकाळी पायवाट धरली. पुढून चार बायका हिरड्याची टोपली डोक्यावर घेऊन येत होत्या. त्यांच्या पाठीवर फडकी (डोक्यावरून मागे सोडायचं रंगीत कापड) होती. मी थांबून "राम राम" म्हणालो. चौघींनी फडकी तोंडावर ओढली आणि वाट सोडून सरळ काट्याकुट्यात शिरल्या. पुढच्या वस्तीवर मी पोचायच्या आत दारं लागली. आतून कुणीतरी मूल दाबून धरल्यासारखा आवाज आला. मी पाणी मागितलं. कुणीही आलं नाही. एवढ्या माणसांत एकटं असण्याची भीती मी पहिल्यांदा अनुभवली. परत फिरावं असं दहादा वाटलं, पण गुरुजींना काय सांगायचं? माणसं मला घाबरली म्हणून?

वळणापलीकडे ओढ्यावर पुलाचं काम चाललं होतं. शेपन्नास माणसं खडी फोडत होती. मी दिसलो आणि हातोडे थांबले. आधी जवळचे, मग लांबचे. त्या शांततेत माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटायला लागला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी सगळ्यात जवळ बसलेल्या तरण्या बाईपुढे वाकलो. तिचा चेहरा असा होता की पाहताक्षणी मला पेरू सापडला. मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणालो,

"ताई, घाबरू नका. फक्त तुमचं डोकं उतरवून घेतो. लगेच होतं. तुम्हाला कळायचंसुद्धा नाही."

ती जी किंचाळली, ती किंकाळी मला अजून ऐकू येते.

पुढचं नीट आठवत नाही. मी जमिनीवर होतो आणि माझ्याभोवती पायच पाय होते. कोंडाजी नावाचा उंच, हाडकुळा माणूस माझ्या छातीशी कोयता धरून उभा होता. तो तिथल्या खडी फोडणाऱ्यांच्या टोळीचा पुढारी, हे मला मागाहून कळलं.

"झोळा उघडा त्याचा!" तो म्हणाला.

झोळा उघडला. पहिल्यांदा निघाला माझा पेन्सिली तासायचा चाकू. मग लाल शाईची बाटली. मग वही. कोंडाजीने पानं उलटली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. पानोपानी मुंडकी. पागोट्याचं मुंडकं, बाईचं मुंडकं, विडीवाल्याचं मुंडकं, सगळी मानेपाशी कापलेली. शेवटच्या पानांत पेरूचं ते चित्र होतं, खांबावर टांगलेलं डोकं आणि खाली लाल शाई.

"बघा! समदी ह्यानंच उतरवल्यात, पुलाखाली पुरायला!" मागून कुणीतरी ओरडलं.

तेव्हा मला उमगलं; उरलेलं नंतर कळलं. ओढ्यातला पुलाचा पाया दोनदा खचला होता, आणि पाया खणलाय तिथे माणसाचं मुंडकं पुरल्याशिवाय पूल उभा राहणार नाही, ठेकेदाराची माणसं डोकी घेत फिरतायत, अशी आवई साऱ्या डांगाणात उठली होती. राजूरचा हॉटेलवाला "पुलावरलं का" म्हणाला तो हाच प्रश्न होता. आणि मी हो म्हणालो होतो.

बोलायला गेलो तर बोबडी वळली. "चित्र... चित्रकार..." एवढंच तोंडातून निघत होतं. जमावातल्या एकाने दगड उचलला. इथे आपण मरणार, हे मला अगदी साध्या गोष्टीसारखं दिसलं. बायकोला कळवणार कोण, हा विचार मनात आला.

"थांबा रं." एक म्हातारी गर्दीतून पुढे आली. ठकूबाई तिचं नाव, कोंडाजीची चुलती. सत्तरीच्या पुढची असावी, पण हातात खडीचा हातोडा होता. ती माझ्यासमोर दगडावर बसली. "ह्यो म्हनतोय चितर काढतो. काढू दे. माजं डोस्कं उतरव बाबा."

"चुलते, उठ तितनं!" कोंडाजी ओरडला.

"माजं लई जगून झालंय. डोस्कं गेलं तर त्याला सोडू नगा. ऱ्हायलं तर सोडा."

कुणीतरी पेन्सिल हातात दिली. डावा हात उजव्या मनगटाला लावून मी सुरुवात केली. कपाळावरचं गोंदण, खोल गेलेले डोळे, घट्ट मिटलेला जबडा. तीस वर्षांत इतकं जपून काढलं नव्हतं. कारण ती नाही जमली तर मी लबाड ठरणार होतो. हळूहळू ती कागदावर आली, जशीच्या तशी. मी हनुवटी पुरी केली, मान काढली आणि सवयीप्रमाणे थांबलो.

कोंडाजी माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याने श्वास आत ओढला. "उतरलं! चुलतीचं मुंडकं उतरलं कागुदावर! धड न्हाई!"

गर्दी पुढे सरकली. चित्र इतकं हुबेहूब झालं होतं की तेच माझ्या जिवावर उठलं.

ठकूबाईने मान वळवून कागद पाहिला. मग दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं चाचपलं आणि मला म्हणाली, "आरं, पाय काढ की माजे. अशी कुनी टांगती ठिवतं का मानसाला?"

मी काढले. खांदे, फडकी, मांडीवरचा हातोडा, कासोट्याचं लुगडं, गुडघे, पोटऱ्या. भेगाळलेली पावलं काढली. "भुईला टेकव," ती म्हणाली. मी पावलांखाली दगड काढला, दगडाखाली माती काढली. बायका वाकून बघत होत्या. त्यांच्यातली एकजण, जिला मी आधी विचारलं होतं तीच, हळूच म्हणाली, "मावशे, तूच हाईस ग."

कोयता खाली गेला. तरी सुटका नव्हती. वहीतल्या सगळ्यांना पाय दिल्याशिवाय जायचं नाही, असं ठरलं. कोंडाजी समोर बसून पान पान तपासत होता. पागोटेवाल्याला मी धोतर दिलं, विडीवाल्याला वहाणा दिल्या, कंडक्टरला घाबरत घाबरत खाकी विजार दिली. झोपलेल्या बाईला आडवी काढली तर कोंडाजी म्हणाला, "ही मेली का काय?" मी तिच्या पायाशी गाठोडं काढलं, तेव्हा त्याला पटलं. मधे कुणीतरी दुष्काळी कामावरची सुकडी (कामावर वाटतात तो कोरडा खाऊ) हातावर ठेवली. नको म्हणायची छाती नव्हती, म्हणून खाल्ली.

शेवटी पेरूचं चित्र राहिलं. ठकूबाईने ते मांडीवर घेतलं. "ह्यो कोन?"

मी सांगितलं. समुद्रापलीकडचा डोंगरातला माणूस. लांबून आलेल्या गोऱ्या सरकारने त्याच्या लोकांना खाणीत जुंपलं, म्हणून त्याने बंड केलं. मग सरकारने त्याचं मुंडकं खांबावर लावलं.

हातोडा पुन्हा कुणी उचलला नव्हता. सगळे ऐकत होते.

"आमच्यातबी झालं असलं," ती म्हणाली. "माजी आजी सांगायची. फासावर दिलं, आन पोरं नाव घ्यायला बी भ्यायची." मग तिने बोट ठेवलं. "ह्याचं पाय?"

"त्याचे हातपाय वेगवेगळ्या गावांना पाठवले, आजी. म्हणून काढलेच नाहीत."

"मंग गोळा कर की," ती म्हणाली. "चितर तूच काढतुयास ना?"

मी वही मिटून झोळ्यात घातली. तिने आपला कागद घडी घालून पदराला बांधला. डोकं गावाबाहेर न्यायचं नाही, एवढं तिने स्पष्ट सांगितलं. कोंडाजी मला राजूरच्या रस्त्यापर्यंत सोडायला आला. शेवटी एवढंच म्हणाला, "पाव्हनं, पुन्यांदा आलात तर आधी 'चितर' म्हना." मी हो म्हणालो. तो वळल्यावर मी मागे न बघता स्टँडपर्यंत पळत सुटलो.

परतीच्या गाडीत मी वही उघडली नाही. संगमनेरला एका माणसाने सहज खांद्यावर हात ठेवला तर मी ओरडलो. कोल्हापुरात आल्यावरही बरेच दिवस मला मानेमागे कोयता जाणवायचा. पण त्याच दिवसांत मला कळलं की आपण भ्यालो ते अर्धा दिवस. त्या बायका मला पाहून काट्यात शिरल्या, त्यांची भीती किती जुनी होती? डोकी मोजत येणारा परका माणूस त्यांनी काही माझ्या रूपात पहिल्यांदा पाहिला नव्हता. स्पॅनिश शिपायाला काढायला मला मॉडेल मिळत नव्हतं. आता मी आरशासमोर बसून त्याला काढला, खांद्यावर झोळा, गोड हसणारा.

शेवटचं चित्र मी फाडलं आणि नव्याने सुरू केलं. ते पाहायला गुरुजी आले. चौकात तो बंडखोर उभा होता, जबडा घट्ट मिटून, सबंध. खांब मागे रिकामा होता.

"अहो, याचे तुकडे केले होते," गुरुजी म्हणाले. "इतिहासात असं नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो. "गोळा केलाय."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि चित्राच्या खालच्या बाजूला वाकून पाहिलं. तिथे भेगाळलेली, म्हाताऱ्या बाईची असावीत अशी दोन पावलं दगडावर टेकलेली होती. ती मी सगळ्यात आधी काढली होती.