पाळण्यासाठी आणलेली ड्रिल

तुम्हा गावकऱ्यांचा निरोप घेऊन चामटोलीहून आमचा टेम्पो निघाला तेव्हा सामानाच्या सगळ्यात वर सागवानी पाळणा उलटा बांधला होता. वहिनीला सातवा महिना लागला होता. काकी मागून ओरडली, "सावकाश रं, पाळणा पडेल!" पाळणा पडला नाही. पण तो टांगायचा कुठं, हे अंबरनाथला बुवापाड्यातल्या नव्या खोलीत पोचेपर्यंत कोणाच्या डोक्यात आलंच नाही. गावी वाशाला दोर बांधला की झालं. इथे वर नुसता गुळगुळीत स्लॅब. मग दोन महिने पाळण्यात कांदे-बटाटे राहिले.

मुलगी झाली. बारशाला चार दिवस उरले तेव्हा आई म्हणाली, "वासा नाय तिथं पाळणा कसला? बारसं चामटोलीलाच करू." दादाचा चेहरा उतरला. कंपनीत ओव्हरटाइम करून घेतलेली खोली; लेकीचं नाव तिथंच ठेवायचं त्याच्या मनात होतं. मला म्हणाला, "ड्रिल घेऊन ये. तू कॉलेजात जातेस, कुठली घ्यायची ते तूच ठरव."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि तेही कॉमर्सला. ड्रिलमधलं मला काय कळणार? पण नाही म्हणवेना. वहीत दोन रकाने केले: साधी ड्रिल हलकी, स्वस्त, फळ्यांना पुरे; हॅमर ड्रिल जड, आवाज फार. घरच्या वापराला साधीच बरी, असं ठरवून मी उल्हासनगरला कॅम्प चार भागातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

दुकानदार सिंधी काका. वही बघून म्हणाले, "अच्छा लिखा है बेटा. पर लगाना क्या है?"

"पाळणा. स्लॅबला."

ते हसतच सुटले. "छत में? साधा मशीन तो छत को गुदगुदी करेगा!" मग नीट समजावलं: साधी नुसती फिरते, हॅमर फिरता फिरता ठोकतेही, म्हणून काँक्रीटमध्ये शिरते. वर एक बटन असतं. ठोकणं बंद केलं की तीच लाकडालाही चालते. मी लाजत वही मिटली आणि हॅमर ड्रिल घेतली.

दादा स्टुलावर चढला. खोलीभर पांढरी धूळ, आम्ही सगळे पिठात लोळल्यासारखे. भोकात फुगून घट्ट बसणारे हुकाचे बोल्ट लावले, तरी आईचा विश्वास बसेना. "आधी तांदळाचं पोतं झोपव." दुपारभर तिने पंचवीस किलोच्या पोत्याला झोके दिले. वहिनी म्हणाली, "आई, अंगाई पण म्हणा की!"

बारशाला तुम्ही चामटोलीचे सगळे आलात. दाटीवाटीने बसलात, हुकाकडे माना वर करकरून पाहिलंत. मुलीचं नाव सायली ठेवलं. निघताना काकीने आईला विचारलं, "मग घरी कधी येणार?"

"घरीच हाय की मी," आई म्हणाली. "गावाला येईन दिवाळीला."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं असावं. ती उगाचच सायलीच्या दुपट्याची घडी पुन्हा पुन्हा नीट करत राहिली.