तंबूमागची चूल

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी तर नाहीच नाही. तुम्ही म्हणाल, मग आम्हालाच काहून? — तुम्ही माझ्या माहेरचे नाही म्हणून. तुम्हाला माझ्या वहिनीच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही.

माझी नोकरी भंडाऱ्यात, माहेर मात्र जंगलाला लागून. गावच्या वन समितीनं तलावाकाठी तंबू लावायची जागा केली आहे. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. एक हातपंप, पत्र्याच्या दाराचा संडास आणि सागाच्या झाडांत सारवलेले ओटे, त्यांच्यावर तंबू. शहरातल्या माणसांना तेच आवडतं. स्वयंपाकाला समितीनं माझ्या वहिनीला ठेवलं होतं, म्हणजे माझ्या सख्ख्या दादाच्या बायकोला. तिच्या हातच्या वांग्याच्या भाजीसाठी नागपूरचे लोक पुन्हा पुन्हा येत.

आणि मी? मी ऑफिसातल्या मैत्रिणींना घेऊन गेले ते निव्वळ मिरवायला. बघा माझं माहेर, बघा माझं जंगल. चौथीतल्या लेकीलाही सोबत नेलं. शेकोटी फक्त खोदलेल्या खड्ड्यातच पेटवायची आणि पाणी ओतून विझवायची, हा तिथला एकच नियम. तो मैत्रिणींना मीच बजावून सांगितला. मीच.

मार्च होता, मोहफुलांचे दिवस. तुम्ही आमच्याकडचे नसाल तर हे सांगावं लागेल. मोहाची फुलं पहाटे गळतात. खाली सागाचा वाळका पाला असला की ती दिसत नाहीत, म्हणून लोक आदल्या दिवशी झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करतात. बंदी आहे, तरी करतात. कोणत्या झाडाखाली कोणत्या घरानं वेचायचं हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं. तंबूंच्या पलीकडची दोन झाडं आमच्या घराची, म्हणजे लग्नानंतर वहिनीची. त्या दोन झाडांवर तिचा फार जीव होता.

सकाळी मला लवकर जाग आली. बाकी सगळ्या झोपलेल्या. वहिनी यायला वेळ होता आणि मला चहा हवा होता. खड्डा दूर, वाऱ्यात. मी काय केलं — तंबूच्या मागे, आडोशाला, तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या नि एकटीनं चहा करून प्यायले. लहानपणासारखा. किती बरं वाटलं होतं, तेही सांगते, कारण ते खरं आहे. मग निखाऱ्यांवर पायानं माती लोटली. हातपंप काही कोसावर नव्हता. कंटाळा केला. एवढंच. कंटाळा.

मैत्रिणी उठल्यावर आम्ही तलावावर पाखरं पाहायला गेलो. लेक तंबूत झोपली होती. वहिनी येतेच आहे, ती बघेल, असं म्हणून निघाले.

परतताना धूर दिसला. मी धावले. दोन तंबू जळत होते आणि आग पाल्यावरून मोहाच्या झाडांपर्यंत गेली होती. वहिनी हातपंपाखाली माझ्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनंच तिला तंबूतून ओढून काढलं होतं. लेकीच्या उजव्या पायाचा तळवा भाजला होता, आणि वहिनीच्या हातावर फोड आले होते. त्या हातांकडे मी तेव्हा नीट पाहिलंसुद्धा नाही.

गाव जमलं, हिरव्या फांद्यांनी झोडून आग विझवली. सगळ्यांचे डोळे मोहाकडे. कुणी काही विचारायच्या आतच वहिनी रडत बोलली, "काल सांजेले म्या पाला जाळला जी. इझवला होता. पुरा इझवला होता... पन राह्यला असन कुठी."

तिला खरंच तसं वाटलं. वारा तंबूकडून मोहाकडे होता. तिच्या जागेतून आग तंबूकडे आली कशी, हे एकानंही विचारलं नाही. गुन्हेगार स्वतःच उभा राहिल्यावर वारा कोण पाहतो? समितीच्या अध्यक्षांनी मला मात्र विचारलं, "ताई, तुमी लोकायनं सकाळी काही पेटवलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "आम्ही तर कालपासून काडीसुद्धा ओढली नाही."

माझा जीव भांड्यात पडला होता — लेक वाचली म्हणून, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं. खोटं आहे ते. वहिनी बोलली म्हणून पडला होता. माणसं पांगल्यावर मी तंबूमागे गेले आणि ते तीन काळे दगड पायानं वेगवेगळ्या दिशांना ढकलले.

वहिनीचं स्वयंपाकाचं काम गेलं. मोहाची झाडं समितीनं दुसऱ्या घराला दिली. दादा तिला उठता-बसता ऐकवतो, भाजीत मीठ जास्त झालं तरी आगीवर येतो. चांगला माणूस होता हो तो. मी त्याला एकदा म्हटलं, "दादा, पुरे कर नं आता." त्यावर तो म्हणाला, "तुह्या पोरीले जाळलं तिनं, अन् तूच तिची बाजू घेऊन राहिली?" वर माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. मी ते ऐकून घेतलं.

आता वहिनी घरची चूल विझवते तेव्हा तांब्याभर पाणी ओतते, राख हातानं चाचपते, पुन्हा पाणी ओतते. ओल्या चुलीवर दुसऱ्या वेळी स्वयंपाक होत नाही म्हणून दादा पुन्हा ओरडतो. मोहाच्या दिवसांत ती घराबाहेर पडत नाही. बायका टोपल्या घेऊन दारावरून जातात नि ही आत भांडी घासत बसते, घासलेलीच.

तुम्हाला वाटेल, हेच ते लपवलेलं. चूल, खोटं बोलणं, ते दगड. बाप्पा, एवढंच असतं तर कधीतरी सांगून टाकलं असतं. भीतीपोटी माणूस खोटं बोलतो, असं म्हणता आलं असतं.

मागच्या उन्हाळ्यात माहेरी गेले होते. दादा शेतावर, लेक शेजारी. वहिनीनं मला बाजेवर बसवलं आणि खाली जमिनीवर बसली. म्हणाली, "ताई, इतकी वरसं झाली, तुमी एका शब्दानं बोल्ले नाही मले. पोरीचा पाय पाह्यला का जीव जळते माहा. एकडाव माफ केलं म्हना. मंग मी सुखानं झोपीन."

घरात दुसरं कुणी नव्हतं. मला घाई नव्हती. भीती कुणाची होती? समितीची नाही, दादाचीही नाही. समोर फक्त ती होती. दोन शब्दांत तिचं सगळं परत देता आलं असतं — तिचं घर, तिची झोप, तिचे स्वतःचे हात. मी तिच्याकडे पाहिलं, आणि माझ्या मनात आलं ते असं की ही मला किती चांगली बाई समजते.

"जाऊ द्या वहिनी," मी म्हणाले, "मी तुम्हाला केव्हाच माफ केलं."

ती रडली. मग वाकली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सुखी राहा म्हणाले.